पदराचा वीतभर तुकडा

प्रश्न : पणजीच्या पैठणीचा वीतभर पदर तेवढा उरलाय. असे तुकडे लोक हौसेने का जमवतात? मी तो जपावा का?

उत्तर : जरूर जपा! तुकडा उलटा करून पाहा. हाताने विणलेल्या अस्सल पैठणीची नक्षी मागूनही तशीच दिसते, लोंबणारे धागे नसतात. अख्खी साडी आपण नेसतो, मिरवतो. विणकराचा हात मात्र अशा तुकड्यातच निवांत न्याहाळता येतो. मला तर फाटकी कडच जास्त आवडते, तिथे उभे-आडवे धागे मोकळे दिसतात. जरीतल्या चांदीसाठी कितीतरी जुनी वस्त्रं जाळली गेली, म्हणून उरल्यासुरल्याचं मोल. इजिप्तमधल्या फुस्तातला सापडलेल्या गुजराती छापील सुती चिंध्यांनी तर मध्ययुगीन समुद्री व्यापाराचा पुरावा दिला. घडी मात्र घालू नका; घडीवर जर तुटते. धुतलेल्या मांजरपाटात सैलसर गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका.