खाज सुटते तेव्हा

नाटे गावात राहून अंग कोरडं पडतं, हे पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना पटत नाही. एकीकडे समुद्र, दुसरीकडे जैतापूरची खाडी, मिठाची बरणी उघडी राहिली तर मीठ पाझरतं, आणि बाईंची कातडी म्हणे सुकते! पण दिवाळी उलटली की पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो. तो खाऱ्या वाऱ्यासारखा ओला नसतो. मासेमारीला जाणाऱ्यांना तो अचूक कळतो. साठी ओलांडल्यापासून माझ्या नडग्यांनाही कळायला लागला.

सुरुवात संध्याकाळी व्हायची. नडगीवर नख फिरवलं की पांढरी रेघ उमटे. मग खवले धरले, आणि पौषापर्यंत वाळलेल्या मळ्यातल्या चिखलासारख्या बारीक भेगांची जाळी दिसू लागली. रात्री झोपेत खाजवून चादरीला रक्ताचे ठिपके.

कारण सांगणारे घरोघरी असतात. रक्तात उष्णता आहे, कडुनिंबाच्या पाण्याने न्हा. विहिरीत खारं पाणी शिरलंय. वांगं सोडा, कोलंबी सोडा. सगळ्यांचं एकमत मात्र एकाच गोष्टीवर होतं: कडकडीत पाणी घ्या आणि जंतुनाशक साबणाने खसखसून धुवा. न्हाणीच्या चुलाणावर पाणी सदा उकळतच असतं, त्यामुळे तेही झालं. आंघोळीनंतर घटकाभर बरं वाटे आणि मग दुप्पट आग.

शेवटी औषधाच्या एका दुकानातून एक ट्यूब आली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. दोन दिवसांत खाज गायब. ट्यूब संपली की आठवड्यात परत, आधीपेक्षा जोरात. तीच ट्यूब कपाटात पाहून होडीवर जाणाऱ्या माझ्या पुतण्याने जांघेतल्या चट्ट्याला लावली. त्याचं होतं गजकर्ण. लाली गेली, खाज थांबली, आणि बुरशी आतल्या आत पसरत महिन्याभरात कमरेवर आणि पोटावर आली. त्याला बरं व्हायला पुढे कितीतरी महिने गोळ्या घ्याव्या लागल्या.

त्या ट्यूबमध्ये जोरकस स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जिवाणूंचं औषध असं सगळं एकत्र होतं. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. डॉक्टर ते ठरावीक जागी, ठरावीक दिवस देतात आणि त्याने माणसं बरी होतात. पण बुरशीवर ते लावलं तर शरीराचा प्रतिकार दबतो आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. कोरड्या त्वचेवर महिनोन् महिने चोळलं तर त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, जरा लागलं की सालटं निघतं. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. कायदा आहे, दुकानात मात्र अजूनही नुसतं बोट दाखवलं की पुरतं.

रत्नागिरीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मला औषधाआधी विचारलं ते पाण्याबद्दल. किती गरम? किती वेळ? साबण कुठे कुठे? मग समजावलं. त्वचेच्या सगळ्यांत वरच्या थरात मृत पेशी आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थ असतात, आणि तेच आतलं पाणी धरून ठेवतात. गरम पाणी आणि साबण नेमकं तेच धुऊन नेतात. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, नेहमीचा साबण अल्कधर्मी. वय वाढतं तसं तेल आपोआप कमी सुटतं. म्हणजे खाज येते ती मळामुळे किंवा रक्तातल्या उष्णतेमुळे नव्हे, आणि घासून ती जायची नाही. खाजवल्याने त्वचेला आणखी इजा होते, इजेमुळे आणखी खाज, आणि हा फेरा रात्री वाढतो, कारण अंथरुणात अंग तापतं आणि मन दुसरीकडे नसतं.

उपाय इतका साधा होता की आधी विश्वास बसला नाही. पाणी कोमट, आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकायची. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना, बाकी अंगाला नुसतं पाणी. पंचा घासायचा नाही, टिपायचा. आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल किंवा मलम लावायचं. सगळं मर्म या ओलसरपणात आहे. तेल कातडीला पाणी देत नाही, असलेलं अडवतं. पूर्ण सुकलेल्या पायावर दुपारी तेल चोपडलं तर पाय तुकतुकीत दिसतात, खाज तशीच राहते.

लावायचं काय, यावर महागड्या बाटल्यांच्या जाहिराती पुष्कळ. पेट्रोलियम जेली स्वस्त आहे आणि पाणी अडवण्यात तिच्या तोडीचं फार थोडं आहे. आपलं खोबरेल तेलही कमी नाही: फिलिपिन्समधल्या डॉक्टरांनी २००४ साली कोरड्या त्वचेच्या ३४ रुग्णांवर ते खनिज तेलाशी ताडून पाहिलं, दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. टाचांच्या भेगांना आपल्याकडे कोकमाचं तेल वितळवून भरतात, ते चांगलंच. मोहरीचं तेल मात्र त्वचेच्या या थराला हानी करतं, आणि बेसन-मसुराचं उटणं हिवाळ्यात रोज लावलं तर आहे ते तेलही ओढून घेतं. दिवाळीचं एक अभ्यंग ठीक.

दोन सावधगिऱ्या कोकणातल्या न्हाणीसाठी. तेलकट पायाने चिऱ्याच्या ओल्या लादीवर म्हातारी माणसं घसरतात, म्हणून तळवे पुसूनच उठा. आणि मलम मुरलेलं लुगडं किंवा चादर चटकन पेट घेते, चुलाणाजवळ बसताना ते बदला.

साखरीनाट्यात जाळी ओढणाऱ्या, बर्फात हात घालणाऱ्या, मासळी खारवणाऱ्या माणसांचा त्रास माझ्यापेक्षा मोठा. मीठ, बर्फ, खवले आणि घरी आल्यावर कपड्यांचा सोडा. काम सोडा असं कोण सांगणार? पण किनाऱ्यावर आल्याबरोबर गोड्या पाण्याने हात धुऊन, टिपून तेल लावणं जमतं. रबरी हातमोज्यांच्या आत सुती हातमोजे घातले तर घामाने हात सोलवटत नाहीत. काजू फोडणाऱ्यांच्या आणि आंबे उतरवणाऱ्यांच्या हातांवर येणारे फोड हा कोरडेपणा नव्हे. काजूच्या टरफलातलं तेल, हापूसच्या देठाचा चीक आणि बिब्बा एकाच कुळातले. तिथे आधी साबणाने चीक धुवायचा.

राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या गंधकाच्या गरम झऱ्यावर कातडीच्या दुखण्यासाठी लोक पिढ्यान् पिढ्या न्हातात. गंधकाला खरुजेवर खराच गुण आहे, त्याचं मलम आजही वापरतात. पण गरम पाणी आणि गंधक, दोन्ही त्वचा सुकवतात. माझ्यासारख्यांनी तिथे देवीचं दर्शन घ्यावं आणि परत यावं.

आता घरच्या उपायांवर कुठे थांबू नये ते. घरातल्या दोघातिघांना एकदम खाज, रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यांत पुरळ: ही खरूज. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, ज्याला खाज नाही त्यानेही. कडेला वर्तुळ धरून वाढणारा चट्टा म्हणजे बहुधा गजकर्ण. फिका चट्टा खाजत नाही आणि टोचलेलं कळतही नाही, तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. कुष्ठरोगाचे उपचार सरकारी केंद्रात मोफत आहेत. अंगावर काही न दिसता सगळं अंग आठवडे खाजत असेल तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्तातलं लोह यांची तपासणी लागते, चालू गोळ्याही डॉक्टरांना दाखवाव्या लागतात. पोटुशीला शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना खाज सुटली तर उद्यावर ढकलू नका, यकृताच्या त्या विकाराने बाळाला धोका असतो. आणि खाजेवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या वडीलधाऱ्यांना आपल्या मनाने देऊ नका. रात्री लघवीला उठताना तोल जातो.

आजच घरातल्या ट्यूबा बाहेर काढा आणि चष्मा लावून बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन या स्टिरॉइडांपैकी काही असेल तर ती ट्यूब दुसऱ्या कुणाला देऊ नका. बऱ्याच दिवसांपासून रोज लावत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांकडे जाताना आतापर्यंत लावलेली प्रत्येक ट्यूब, रिकामी असली तरी, पिशवीत घालून न्या.