सायकलचे ब्रेक घरच्या घरीं बदलणें

मोटारसायकली घरोघर आल्या, तरी शाळेस जाणारीं मुलें व मळ्यावर जाणारा गडी यांचें वाहन पुष्कळ ठिकाणीं अद्याप सायकलच आहे. साखळी सुटली किंवा हवा गेली तर सायकल थांबते. परंतु ब्रेक गेला तर ती थांबत नाहीं, आणि भय आहे तें यांतच.

हें लिहिण्यास कारण असें कीं, प्रस्तुत लेखकानें आपल्या पुतण्याच्या सायकलीस स्वतःच नवीं रबरें बसविलीं. दुसऱ्या दिवशीं तो गांवाबाहेरील उतारावरून जात असतां ब्रेक दाबतांच पुढील एक रबर निसटून उडालें, व मुलगा बांधावर आदळून त्याचा हात मोडला. रबर उत्तम होतें. बसविण्याची दिशा चुकली होती. उभा जन्म दफ्तरांत इतरांच्या चुका शोधणाऱ्यास स्वतःची ही चूक दिसली नाहीं. ती वाचकांकडून होऊं नये, म्हणून हा पाठ.

(१) परीक्षा.— तारेनें ओढल्या जाणाऱ्या व रिमेस दोन्ही बाजूंनीं चिमट्याप्रमाणें धरणाऱ्या ब्रेकाचाच येथें विचार केला आहे. रबरावरील खांचा पुसट झाल्या कीं रबर संपलें असें समजावें. तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला, तरी सबंध तार बदलावी. चाक उचलून फिरवावें. तें डुगडुगत असल्यास आधीं सरळ करून घ्यावें. रिम साबणाच्या पाण्यानें धुऊन कोरडी करावी. रिमेस किंवा रबरास तेलाचा हात मुळींच लागूं देऊं नये.

(२) रबर.— एका वेळीं एकच बाजू सोडावी, म्हणजे दुसरी नमुना म्हणून समोर राहते. बहुधा १० मिलिमीटरचा पाना लागतो. कांहीं सायकलींस ५ मिलिमीटरची षट्कोनी चावी लागते. रबर ज्या धातूच्या घरांत बसतें, त्याचें एक टोंक बंद व एक उघडें असतें. बंद टोंक सायकलीच्या पुढील दिशेसच आलें पाहिजे. कारण ब्रेकापाशीं चाकाचा वरचा भाग पुढें धांवत असतो व रबरास आपल्याबरोबर ओढतो. तेथें बंद भिंत असली तर रबर अडतें. उघडें तोंड असलें तर बाहेर पडतें. आमची चूक ती हीच. रबरावर बाण असल्यास त्याचें टोंक पुढें ठेवावें.

रबर संपूर्णपणें रिमेवर टेकावें. वर सरकल्यास तें टायर कापतें. खालीं उतरल्यास आऱ्यांत अडकण्याचा धोका असतो. नट आवळतांना रबराच्या मागील टोंकाखालीं पोस्टकार्डाची घडी धरावी व मग काढून घ्यावी. त्यायोगें पुढील टोंक किंचित् आधीं टेकतें व ब्रेक किंचाळत नाहीं.

(३) तार.— जुनी तार काढतांना तिची वाट नीट पाहून ठेवावी. नव्या तारेचें डोकें ब्रेकच्या मुठींतील खोबणींत बसवून, नळींत दोन थेंब तेल सोडून, ती ओवावी. तार ताणण्याचा स्क्रू पूर्ण आंत फिरवावा. एकानें दोन्ही रबरें रिमेजवळ धरावीं, दुसऱ्यानें पक्कडीनें तार ओढावी, व प्रत्येक बाजूस २ ते ३ मिलिमीटर अंतर राहील अशा बेतानें नट घट्ट आवळावा.

(४) कसोटी.— सायकल उभी ठेवून मूठ सर्व शक्तीनिशीं १० वेळां दाबावी. तार सैल झाल्यास पुन्हा ताणावी. मूठ हँडलास टेकतां कामा नये. नंतर पायीं चालत सायकल ढकलून एकेक ब्रेक दाबून पाहावा, मग सपाट रस्त्यावर सावकाश बसून पाहावें, व त्यानंतरच उतारावर जावें. वाचल्यावांचून खरेदीखतावर सही करूं नये, तसेंच हें आहे. आम्हीं ही कसोटी घेतली असती, तर तें रबर अंगणांतच बाहेर आलें असतें.

पावसाळ्यांत विशेष जपावें. ओल्या रिमेवर, त्यांतही लोखंडी रिमेवर, ब्रेक उशिरां धरतो. महिन्यांतून एकदां रबरांत रुतलेली वाळू टोंकदार खिळ्यानें काढावी.

पुतण्याचा हात आतां बरा झाला आहे. सायकलीचीं रबरें तो स्वतःच बसवितो. मात्र नट आवळण्यापूर्वीं बंद टोंक कोणीकडे आहे, तें बोटानें चांचपून पाहतो.