पेंटर बोलावण्याआधी

चि. ओंकार यास,


प्राधिकरणातल्या घराची दारं-खिडक्या काळवंडली म्हणून तू पेंटर बोलावतोयस, असं वहिनींनी सांगितलं. इतक्यात नको. आधी धुऊन काढ. धुतल्यावर कदाचित रंगाची गरजच उरणार नाही. उरली, तरी ओशट लाकडावर नवा रंग धरत नाही. पेंट शॉपमध्ये तेल काढल्याशिवाय पत्रा पुढे सरकत नाही, हे चाकणला तू रोज बघतोस. घरची चौकट काही वेगळी नाही.

मात्र कंपनीतलं थिनर घरी आणू नकोस. ते मळाबरोबर रंगही उतरवतं. कॉटन वेस्टही नको, त्याचे धागे खाचांत अडकतात. धुण्याचा सोडा ऑइल पेंटची चकाकी मारतो, आणि निस्तेज जागी मळ लवकर बसतो.

कोमट पाण्याच्या बादलीत भांड्यांच्या लिक्विडचे दोन चमचे पुरेत. दुसरी बादली साध्या पाण्याची. २०१९पासून आपल्याकडे पाणी दिवसाआड, तेव्हा पाण्याचा वार बघूनच हे काढ. आधी कोरड्या फडक्याने धूळ पूस, नाहीतर हायवेची काजळी ओली होऊन खाचांत चिखल बसेल. मग पिळलेल्या फडक्याने खालून वर जा. लोक वरून सुरू करतात. मळकं पाणी कोरड्या दारावरून ओघळतं आणि ते ओघळ जाता जात नाहीत. कडीभोवतीचा काळा डाग हाताच्या तेलाचा असतो, स्वयंपाकघराच्या चौकटीचा वरचा चिकटा फोडणीचा. तिथे साबण लावून दोन-चार मिनिटं थांब, घासाघीस करू नकोस. पॅनेलच्या खाचांना जुना टूथब्रश. शेवटी साध्या पाण्याचा हात फिरवून लगेच कोरडं कर. चौकटीच्या तळाशी पाणी मुरलं की लाकूड फुगतं.

पांढरं दार धुऊनही पिवळट राहिलं, तर कॅलेंडर काढून मागे बघ. तिथेही पिवळं, किंबहुना जास्तच पिवळं असेल, तर तो मळ नव्हे. पांढरा ऑइल पेंट उजेड न मिळाल्यास पिवळा पडतो. ते कितीही घासलं तरी जाणार नाही. तिथे रंगच हवा.

आता महत्त्वाचं. घर १९८४चं आहे. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७पासून; आपल्या दारांवरचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. पेंटर कोरडा पॉलिश पेपर मारायला लागला तर थांबव, त्या धुळीतून शिसं पोटात जातं. ओला वॉटर पेपरच वापरायला लाव. पोपडे निघत असतील तिथे तू घासूच नकोस. सुटलेले तुकडे ओल्या फडक्याने उचल आणि ते फडकं फेकून दे. परी अजून रांगतेय, दिसेल ते तोंडात घालते. काम चालू असताना तिला वहिनींकडे ठेव.

धुतल्यावर दार दोन दिवस वाळू दे. लांबी कुठे भरायची, तेही तेव्हाच नीट दिसेल. पेंटर ठरवलास तर भाव ठरवताना मला फोन कर.

तुझा,
काका