पित्ताच्या वाटेचा नकाशा

पित्ताशय काढून टाकल्यावर पित्त जाते कोठे, असा प्रश्न शरीरशास्त्राच्या तासास एका विद्यार्थ्याने आम्हास विचारला. ज्यांच्या घरी ही शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांस त्याचे महत्त्व सांगावयास नको. म्हणून त्याचे उत्तर येथे थोडक्यात देण्याचे योजिले आहे.

पित्त पित्ताशयात नव्हे, तर यकृतात तयार होते. झाडाच्या डहाळ्या फांद्यांस व फांद्या खोडास मिळतात, तद्वत् यकृतातील बारीक नलिका एकत्र येऊन मुख्य पित्तनलिका होते, आणि ती लहान आतड्यात उघडते. पित्ताशय हा या वाटेवरील लहानसा हौद होय. तो काढला तरी पित्त पाटाने थेट आतड्यात जाते. बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली. आज ती बहुधा दुर्बिणीने होते.

परंतु हौद काढताना क्वचित पाटास इजा होते. नलिका कापली गेल्यास पित्त पोटात झिरपते. क्लिप भलत्याच नलिकेवर बसल्यास वाट बुजते. कधी खडा मागे राहतो, तर कधी जखम भरताना नलिका आकसते व त्याची लक्षणे महिन्यांनी किंवा वर्षांनीही दिसतात.

दोष नेमका कोठे आहे, हे पुन्हा पोट न उघडता कसे कळावे? येथे एम. आर. आय. यंत्र उपयोगी पडते. या शोधाबद्दल लॉटरबर व मॅन्सफील्ड यांस २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकात निजलेल्या रोग्याच्या शरीरातील हायड्रोजनची अणुकेंद्रे रेडिओलहरींनी चाळविली असता परत संदेश देतात. घन भागांचा संदेश लवकर विरतो, स्थिर द्रवाचा अधिक काळ टिकतो. म्हणून थोडे थांबून घेतलेल्या चित्रात पित्ताची वाट शुभ्र व बाकी सारे काळोखे दिसते. खडा म्हणजे त्या शुभ्र वाटेतील काळा ठिपका. वाट अरुंद झाली वा तुटली असेल, तर तेही दिसते. पोटात साचलेला द्रव पित्तच आहे काय, हे ठरविण्यास यकृतावाटे पित्तात उतरणारे विशिष्ट औषध शिरेतून देतात. ते नलिकेबाहेर आढळले की गळती निश्चित होते.

या नकाशासही मर्यादा आहेत. धातूच्या क्लिपांमुळे चित्र बिघडते, अगदी बारीक खडे निसटतात, आणि मुख्य म्हणजे यंत्र दोष दाखविते, दुरुस्त करीत नाही. दुरुस्तीसाठी तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेत नळी बसवावी लागते किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. पण तोंडावाटे दुर्बीण घालण्यात स्वादुपिंडास सूज येण्याचा धोका असल्याने, आधी पाहणे व मग हात घालणे हेच शहाणपणाचे.

पालकांस एवढीच विनंती की, पित्ताशय काढल्यानंतर डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, ताप आला किंवा पोटदुखी वाढली, तर कावीळ उतरविणाऱ्याच्या दारी दिवस घालवू नयेत. विलंबाने यकृतास कायमची हानी पोहोचू शकते. तडक शल्यवैद्यांकडे जावे, व शरीरात कोठेही धातू असल्यास यंत्रात जाण्यापूर्वी तसे सांगावे.