'मिशन' म्हणजे काय? : एक शब्दाभ्यास

वाचन : योहान २०:१९-२३, लेवीय १६:२०-२२

मागे एका रविवारी शब्बाथशाळेत आम्ही मुलांना विचारले, "मिशन म्हणजे काय?" आमच्या बालाघाटची मुले घरी मराठी, शाळेत हिंदी आणि परीक्षेपुरती इंग्रजी अशा तीन भाषांत वावरतात. एक म्हणाला, "दवाखाना." दुसरी म्हणाली, "शाळा." तिसऱ्याने खिडकीबाहेर बोट दाखवले, "ती भिंत आहे ना, तिच्या आतले सगळे मिशन!" मुलांना हसण्यात अर्थ नाही. आपण मोठी माणसेही हा शब्द असाच वापरतो. म्हणून या पाठात त्याचे मूळ पाहू.

१. शब्दाचे मूळ

लॅटिन भाषेत 'मित्तेरे' म्हणजे पाठवणे, सोडणे. आणि 'मिस्सुस' म्हणजे पाठवलेला. या एका मुळापासून इंग्रजीत पुष्कळ शब्द झाले. त्यांतले काही आपण रोज बोलतो. अॅडमिशन म्हणजे आत सोडणे. परमिट म्हणजे जाऊ देणे. कमिटी म्हणजे ज्यांच्यावर काम सोपवले ते लोक. प्रॉमिस म्हणजे आधीच पुढे पाठवलेला शब्द. मेसेज म्हणजे पाठवलेला निरोप.

शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगावी. उच्चार जवळचा म्हणून मूळ एक ठरत नाही. 'मशीहा' हा शब्द इब्री आहे व त्याचा अर्थ अभिषिक्त. गाडी 'मिस' झाली, यातला 'मिस'ही वेगळ्या मुळाचा आहे.

२. पाठवणी मागे पडली

सोळाव्या शतकात जेझुइट लोक आपल्या माणसांना दूरदेशी पाठवत, त्या पाठवणीला ते 'मिशन' म्हणू लागले. पुढे १८१३ साली गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस आले. त्यांच्या संस्थेच्या इंग्रजी नावात 'कमिशनर्स' आणि 'मिशन्स' असे या मुळाचे दोन शब्द होते. म्हणजे ज्यांच्यावर काम सोपवले ते, आणि ज्यासाठी सोपवले ती पाठवणी.

आपल्याकडे मात्र हळूहळू जमीन, बंगला, दवाखाना आणि पगार यांनाच मिशन हे नाव पडले. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा केला. नोकरी सुटली, पण ज्या कामासाठी ते पाठवले गेले होते ते सुटले नाही.

३. वचनात काय दिसते?

चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने शुभवर्तमानांचे लॅटिन भाषांतर सिद्ध केले. योहान २०:२१ मध्ये पित्याने पुत्राला पाठवले आणि पुत्र शिष्यांना पाठवतो. मूळ ग्रीकमध्ये येथे दोन वेगळी क्रियापदे आहेत. लॅटिनमध्ये दोन्ही ठिकाणी 'मित्तेरे' आहे. पुढे तेविसाव्या वचनात पापक्षमेचा विषय येतो, आणि तेथे 'रेमित्तेरे' म्हणजे सोडून देणे, हा त्याच घराण्यातला शब्द आहे. जुन्या इंग्रजी बायबलातील 'रेमिशन' तो हाच. क्षमेसाठी असलेल्या ग्रीक शब्दाचाही अर्थ सोडून देणे असाच आहे. लेवीय १६ मधला बकरा लोकांची पापे वाहून रानात सोडला जातो, ते चित्र येथे आठवावे.

पाठवणे आणि क्षमा यांचे बोलणे एकाच खोलीत, एकाच संध्याकाळी झाले. दारे बंद होती. प्रभू बंद दारांच्या आत आला, तो शिष्यांना बाहेर पाठवण्यासाठी. आणि त्यांच्या हाती दिली ती क्षमेची सुवार्ता.

४. आपल्यासाठी बोध

हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो. त्याच भिंतीच्या दुरुस्तीच्या खर्चावरून कमिटीत एका बंधूशी आमचा वाद झाला होता. वर्षभर आमचा सलामही बंद होता. तरी दर रविवारी आम्ही मुलांना क्षमेविषयी शिकवत होतो. हा पाठ तयार करताना तेविसाव्या वचनापाशी लेखणी अडली. संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. खर्चाचा हिशेब अजून मिटलेला नाही, पण सलाम सुरू झाला आहे.

वसईचे आपले कॅथलिक बांधव उपासनेला 'मिस्सा' म्हणतात. लॅटिन उपासनेच्या शेवटी लोकांना निरोप देताना जो शब्द उच्चारला जाई, त्यावरून हे नाव आले. मराठीत 'निरोप' म्हणजे रजा आणि 'निरोप' म्हणजे संदेशही. येत्या रविवारी पाळक आशीर्वचन देतील तेव्हा आपल्याला दोन्ही निरोप मिळत आहेत, हे ध्यानात ठेवू.

वर्गासाठी प्रश्न

१. योहान ९:७ वाचा. जन्मांधाला ज्या तळ्यावर पाठवले, त्याच्या नावाचा अर्थ काय?

२. आपली मंडळी भिंतीबाहेर कोणाकडे पाठवली गेली आहे?

३. या आठवड्यात तुम्ही प्रथम कोणाला सलाम करावा, असे तुम्हाला वाटते?