ब्रेक ऑइल हे तेल नव्हे



डिझेल इंजिनाने हवा धरली की एअर कशी काढायची, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. जीप-मोटारीच्या ब्रेकमध्येही तशीच हवा शिरते. फरक इतकाच की, इंजिन बंद पडले तर उसाचे पाणी एक दिवस लांबते. घाटात ब्रेक गेला तर माणसे जातात.

पेडल दाबले की मास्टर सिलेंडरमधील द्रव नळ्यांतून चारही चाकांकडे दाब नेतो. द्रव दाबाने आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र आकसते. मग पेडल स्पंजासारखे मऊ लागते, दोन-तीनदा पंप केल्यावर ब्रेक धरतो. ही हवेची खूण समजावी.

आपण या द्रवाला ‘ऑइल’ म्हणतो आणि तिथेच फसगत होते. डबी रिकामी दिसली म्हणून एका सभासदाच्या घरी जीपमध्ये इंजिन ऑइल ओतले गेले. रबरी सील फुगले, ब्रेक धरून बसले आणि सगळे रबर बदलावे लागले. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले असते. तेच वापरावे, दुसरे काही नाही.

हा द्रव हवेतला ओलावा पितो. नवे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाट उतरताना ब्रेक तापतात, पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जाते. गाडी थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा नीट! मग मेकॅनिकलाही दोष सापडत नाही. म्हणून माहितीपुस्तकात दिलेल्या मुदतीत, बहुतेक गाड्यांत दोन वर्षांनी, ऑइल बदलावे.

एअर काढण्याची कृती (दोन माणसे लागतात):

१) गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाकांना दगड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नये.

२) डबी पुसून, उघडून नव्या ऑइलने भरावी व झाकण वर ठेवावे.

३) मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी. आपल्याकडे बहुधा मागील डावे, मागील उजवे, पुढील डावे, पुढील उजवे. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, पुस्तक पाहावे.

४) निपलला रिंग पान्हा व पारदर्शक नळी लावावी. नळीचे टोक बाटलीतल्या थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवावे.

५) खालच्याने म्हणावे, “दाब.” वरच्याने हळू दाबून सांगावे, “धरलंय.” मग निपल थोडे सैल करावे, बुडबुडे येतील. निपल आवळल्यावरच “सोड” म्हणावे. आधी सोडले तर हवा परत आत जाते.

६) बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच करावे. डबी मधूनमधून भरावी. ती रिकामी झाली तर सारी मेहनत वाया. निपल फार आवळू नये, मोडते.

शेवटी इंजिन चालू करून पेडल दाबून धरावे. ते घट्ट राहिले पाहिजे. हळूहळू खाली जात असेल तर गळती किंवा मास्टर सिलेंडरचा दोष आहे. ठीक वाटल्यास अंगणातच सावकाश चालवून पाहावे. एबीएस असलेल्या काही गाड्यांना गॅरेजमधले यंत्र लागते. ट्रॅक्टरच्या ब्रेकची रचना व तेल वेगळे असते. त्याला ही कृती लावू नये.

साठवणुकीबद्दल: लहान डबा घ्यावा. उघडा राहिलेला डबा पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. निघालेले जुने ऑइल पुन्हा घालू नये. हे विष आहे, पाण्याच्या बाटलीत भरू नये, मुले व जनावरांपासून दूर ठेवावे. विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरशेजारी तर मुळीच नको. दोन्ही एकत्र आल्यास आग लागते. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. रंगावर सांडल्यास लगेच पाणी ओतावे, नाहीतर रंग उठतो. जुने ऑइल बांधावर वा ओढ्यात न टाकता वेगळ्या डब्यातून गॅरेजला द्यावे.

आणि मनात शंका राहिली तर गाडी रस्त्यावर काढू नये. मेकॅनिकला घरी बोलवावे.