पेटी आहे, गुरुजी नाहीत

प्रश्न : माझी नात आष्ट्यात मराठी शाळेत तिसरीत आहे. परवा शाळेत एक सतारवादक येऊन गेले. सोबत तंबोरा होता. त्यांनी तारेखाली दोरा सरकवला आणि आवाज एकदम बदलला, हे ती येईल-जाईल त्याला सांगते आहे. दोऱ्याने आवाज का बदलतो, हे मात्र मला तिला सांगता आले नाही. दुसरे असे, की शाळेत पेटी आहे, पण संगीताचे गुरुजी नाहीत. असे का? आणि वर्षातून एकदा असा पाहुणा येऊन मुलांच्या पदरात नेमके काय पडते?
— एक आजोबा, आष्टा

उत्तर : आजोबा, नातीचा प्रश्न आधी घेऊ. तुमच्या दोन्ही प्रश्नांपेक्षा तो अवघड आहे.

तंबोऱ्याची तार भोपळ्यावरच्या घोडीवरून जाते. घोडी वरून सपाट दिसते, पण कारागिराने तिला अगदी किंचित उतार दिलेला असतो. तार छेडली की ती या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्यामुळे मूळ सुराच्या पोटातले वरचे स्वर जागे होतात आणि तंबोरा गुंजायला लागतो. हे टेकणे-सुटणे नेमके जमावे म्हणून तारेखाली सुती दोरा घालायचा आणि जागा सापडेपर्यंत केसभर पुढे-मागे करायचा. जागा सापडली की जवारी, म्हणजे ही गुंज, खुलली. दोरा काढला की तीच तार ‘टण्’ करून गप्प होते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही हे कोडे पडले होते. तार जिथे छेडावी तिथल्या हिशेबाने जे वरचे स्वर उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, हे त्यांनी १९२१ साली एका निबंधात मांडले. तेव्हा तुमच्या नातीने नेमके बोट ठेवले आहे, असे तिला खुशाल सांगा.

हे कसब ज्यांच्या हातात आहे ते कारागीर तुमच्याच जिल्ह्यात, मिरजेत आहेत. हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली आणि पुढे सतारमेकर झाली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. शाळेची सहल दरवेळी किल्ल्यावरच न्यायला हवी असे थोडेच आहे? एकदा सतारमेकर गल्लीतही न्यावी. भोपळा कापण्यापासून तारा चढवण्यापर्यंतचे काम मुलांना ओळीने बघता येईल.

आता गुरुजींचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला किती शिक्षक हवेत याचा तक्ता आहे. पहिली ते पाचवीसाठी तो फक्त पटसंख्या बघतो. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, आणि असेच पुढे. विषयाचा तिथे उल्लेखच नाही. कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची सोय आहे ती सहावी ते आठवीला, तीही पट शंभराच्या वर गेला तर. त्या निदेशकाकडे चित्रकलाही येते आणि संगीतही. म्हणजे तिसरीच्या वर्गाला संगीताचे वेगळे गुरुजी नसतात, यात तुमच्या शाळेची कसूर नाही. गणित शिकवणाऱ्या बाईंनीच गाणेही शिकवायचे, हे त्यात गृहीत आहे. आणि त्या बाई गाण्याच्या बाबतीत आधीच बिचकलेल्या असतात.

ही गोष्ट आपल्या मुलखाला शोभणारी नाही, कारण संगीत घराण्याच्या उंबरठ्याबाहेर काढून वर्गात नेणारा माणूस इथलाच. विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने त्यांचे डोळे अधू झाले. पुढे मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. वेळापत्रक, स्वरलिपी, क्रमिक पुस्तके, परीक्षा असा सगळा शाळेचा थाट त्यांनी गाण्याला दिला. त्यांच्या पश्चात शिष्यांनी चालवलेल्या मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आज देशभर होतात. पलुसकरांनी वर्ग दिला, पण सरकारी प्राथमिक शाळेच्या तक्त्यात त्या वर्गाला अजून जागा झालेली नाही.

मग पाहुण्याने काय साधते? सूर-ताल तासाभरात येत नाहीत, हे खरेच. पण वाद्य वाजवणारा जिवंत माणूस हाताच्या अंतरावर बसलेला दिसतो, त्याच्या बोटाचा घट्टा दिसतो, सूर बिघडला की तो खुंटी पिळताना दिसतो. मोबाइलवर हे दिसत नाही. याच विश्वासावर किरण सेठ यांनी १९७७ मध्ये दिल्लीच्या आयआयटीत ‘स्पिक मॅके’ सुरू केली. मोठमोठे कलावंत त्या चळवळीतून शाळा-कॉलेजांत जातात, मुले सतरंजीवर बसतात, वाजवता वाजवता बोलणेही होते.

पण पाहुणा म्हणजे सतारवादकच कशाला? वाळवा तालुक्यात कलावंतांचा दुष्काळ कधीच नव्हता. पठ्ठे बापूराव इथल्या रेठरे हरणाक्षचे. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. शाळा त्यांच्या वाट्याला दीड दिवस आली असे सांगतात, पण १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकर या शाहिरांबरोबर लाल बावटा कलापथक उभे करून त्यांनी पोवाडा आणि तमाशा गिरणी कामगारांच्या दारात नेला. आज गल्लीतल्या भजनी मंडळात मृदंग वाजवणारे असतात, संबळ वाजवणारे गोंधळी असतात, हलगीवाले असतात, धनगरी ढोल घुमवणारे असतात. ही माणसे मिरवणुकीत दिसतात, लग्नात दिसतात, पण शाळेच्या फाटकातून आत येत नाहीत. त्यांना वर्गात बोलवावे, खुर्ची द्यावी, मुलांनी त्यांना ‘गुरुजी’ म्हणावे. ज्या हलगीवाल्याला गावाने पिढ्यान्‌पिढ्या मांडवाबाहेर उभे केले, त्याच्यासमोर वही उघडून बसणे, हा धडा कुठल्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा मोठा आहे.

पाहुणा गेल्यावर काय, हा खरा मुद्दा. हंगेरीत कोदाय नावाच्या संगीतकाराने आग्रह धरला, की मुलाचे पहिले वाद्य म्हणजे त्याचा गळा आणि पहिले गाणे मायबोलीतले लोकगीत. त्यांच्या केचकेमेत या जन्मगावी १९५० मध्ये रोज संगीताचा तास असणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. आपल्याकडे वेगळा तास काढायची गरज नाही. परिपाठ आहेच. राष्ट्रगीत, प्रार्थना, समूहगीत, २०२३ पासून राज्यगीत, म्हणजे मुले रोज गातातच. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या.

पहिली, पट्टी. सर स्वतःच्या सोयीने काळी एक-दोनला सुरू करतात. मुलांना तो सूर गळ्याखाली जातो, मग ती ओरडतात किंवा पुटपुटतात. तेच काळी चार-पाचला धरले की गळे आपोआप खुलतात. त्यासाठी तुमच्या शाळेतली पेटी कपाटातून काढून एक पट्टी दाबून धरली तरी पुरे. त्याला पेटी वाजवता यावी लागत नाही. दुसरी, ताल. पाहुण्याने हलगीवर जो ठेका दाखवला तो पुढचा आठवडाभर बाकावर, टाळीवर, पावलांवर चालू ठेवायचा. पाहुणा येण्याआधी मुलांनी त्याला विचारायचे प्रश्न लिहून ठेवायचे. एवढे झाले तर त्याचा एक तास महिनाभर पुरतो.

नातीला लगेच परीक्षेला बसवू का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण विचाराल. तिसरीत घाई नको. आधी तिला भरपूर ऐकू द्या, गाऊ द्या. प्रारंभिक परीक्षा कुठे पळून जात नाही.

शेवटी कामाचे. शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, असे कायदाच सांगतो. आनंददायी शनिवार वेळापत्रकात आहे. पुढच्या बैठकीत तुमच्या सुनेने किंवा मुलाने एवढाच विषय मांडावा : महिन्यातला एक शनिवार गावातल्या एका वादकासाठी. आणि त्याला नारळ-टॉवेल देऊन बोळवू नये. त्याचा रोज बुडतो. लोकवर्गणीतून का होईना, पण पाकिटात घालून रोख मानधन द्यावे.